चिंध्यांची नऊघरी: गोधडीचा पहिला चौकोन

गोधडी शिवायला शिकव म्हणून कुणी आलं की मी हातात सुई देत नाही. चिंध्यांचं गाठोडं पुढ्यात सोडते आणि म्हणते, आधी हे निवड, तांदूळ निवडतो तसं. बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना रंगीबेरंगी चौकोन जोडायची घाई असते. पण गोधडी बिघडते ती शिवताना नव्हे, निवडताना. टाका वाकडा गेला तर उसवता येतो. कापड चुकलं तर काही करता येत नाही.

हे मला फुकट कळलेलं नाही. स्वतःच्या हिमतीवर केलेली माझी पहिली गोधडी भाचीसाठी होती. आईच्या विरलेल्या लुगड्याचे तुकडे आणि नवं कोरं पॉपलिन, एकाआड एक. दिसायला अशी सुरेख की बारशाला आलेल्या बायका उलटून पालटून बघत होत्या. तिसऱ्या धुण्याला लुगड्याचा एकेक तुकडा फाटला. शिवण उसवली नव्हती, टाके जागच्या जागी होते. शिवणीच्या शेजारी कापड उभं चिरलं होतं. आत्याने त्या फटीत बोट घालून पाहिलं. म्हणाली, "शिवण चांगली आहे गं तुझी. पण जुन्याला नवं जोडलंस. नवं आटलं, त्यानं जुन्याला ओढलं. त्या बिचाऱ्यात ओढ सोसायचा जीव कुठं राहिला होता?"

तेव्हा आज आपण जे करायचं ते असं: नऊ तुकड्यांचा एक चौकोन, असे बारा चौकोन, आणि त्यांची तान्ह्या बाळाच्या मापाची एक छोटी गोधडी, ३३ बाय ४२ इंचांची. देशावर हिला गोधडी म्हणतील, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ. नाव काहीही असो, मोठ्या माणसाच्या गोधडीला पहिल्याच फटक्यात हात घालू नका. ती महिनोन्‌महिने खाटेखाली अर्धवट पडून राहते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

गाठोडं निवडणं

जमिनीवर चादर पसरा आणि सगळं ओता. ब्लाउजची कातरणं, जुने परकर, सदरे, सुती साड्या, उशांचे अभ्रे. आता प्रत्येक तुकड्याच्या तीन परीक्षा घ्यायच्या.

पहिली परीक्षा ताकदीची. तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, अंगठे एकमेकांना भिडवा आणि ताणा. टर्र आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली, तर ते कापड वरच्या थरासाठी बाद. फेकू नका, आत भरायला कामी येईल. मग उजेडासमोर धरा. साडी निऱ्यांपाशी आणि बसायच्या जागी आधी विरते, पदराकडे टणक राहते. सदऱ्याची कॉलर आणि कोपर गेलेले असतात, पण पाठ शाबूत असते. म्हणजे एकाच कपड्यातला एक भाग घ्यायचा आणि दुसरा सोडायचा, हे डोळ्यांनी नाही, हातांनी ठरवायचं.

दुसरी जाडीची. डोळे मिटून तुकडे एकामागून एक चिमटीत चोळा. मलमल, जुनी सुती साडी, धुवून मऊ झालेला परकर हे एका जातीचे. चादर, कुर्त्याचं जाड कापड हे दुसऱ्या जातीचे. एका गोधडीत एकच जात. जीनची पँट असेल तर तिची वेगळी बसायची चटई करा, इथे नको. खणाच्या तुकड्याचा मोह मलाही होतो, पण खणाचे धागे काठाकडून भराभर सुटतात. घ्यायचाच असेल तर माया दुप्पट ठेवा. ही माया म्हणजे शिवणीच्या पलीकडे सोडतो ती कापडाची कड. शिंप्यांचा शब्द आहे, आणि कापडकामात याहून गोड शब्द मला तरी माहीत नाही.

तिसरी परीक्षा काडेपेटीची. सुती म्हणून आलेलं कापड कितीदा तरी अर्धं पॉलिस्टर निघतं. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याजवळ, पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला कडक मणी उरतो. बाळाच्या गोधडीत सूतच हवं. पॉलिस्टर घाम टिपत नाही, आणि हाताने शिवताना घडी धरत नाही.

निवडलेलं सगळं धुवा. नवं कापड असेल तर कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, त्यातली खळ निघते आणि आटायचं ते आधीच आटून जातं. माझ्या पॉपलिनला एवढं केलं असतं तर निम्मी ओढ तरी कमी झाली असती. लाल, मरून आणि गडद निळं वेगळं भिजवा. नंतर ओला तुकडा पांढऱ्या जुन्या रुमालावर ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा धुवा. चार धुण्यांनंतरही लागत असेल तर त्या तुकड्याला नमस्कार करा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. माझ्याकडे एका लाल काठाने मीठ पिऊनसुद्धा अख्खी गोधडी गुलाबी केली.

मापाचा चौकोन

लागणारं सामान फार नाही. चांगली धार असलेली कात्री (आणि ती कागदाला लावायची नाही, घरातल्यांना आधीच बजावून ठेवा), टाचण्या, बारीक सुई, धावदोऱ्यासाठी एक जाड सुई, सुती दोरा, शिंप्याचा खडू किंवा पाटीवरची पेन्सिल, फूटपट्टी, इस्त्री. मधल्या बोटाला घालायचं धातूचं टोपण मिळालं तर घ्या. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटेल, चौथ्या दिवशी त्याच्याशिवाय बसवणार नाही.

कापायला साचा हवा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा चालतो, पण त्याच्या कडा पन्नासेक तुकड्यांनंतर झिजतात आणि चौकोन हळूहळू लहान होत जातात. जुन्या एक्स-रेची फिल्म उत्तम. झिजत नाही, शिवाय आरपार दिसतं, म्हणजे कापडावरचं फूल नेमकं मधोमध घेता येतं. साडेतीन इंचांचा अचूक चौकोन कापा. चारही कडांपासून पाव इंच आत खिळ्याने रेघ ओढा. ती शिवणीची रेघ. शिवून झाल्यावर प्रत्येक तुकडा तीन इंचांचा दिसेल.

कापडाचा सरळ धागा कसा ओळखायचा? कडेला कात्रीने अर्ध्या इंचाचा छेद द्या आणि सरळ फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं. फाटलेली ती कड म्हणजे तुमची पट्टी, साचा तिला लावून ठेवा. तिरका कापलेला तुकडा, म्हणजे उरेब, ताणला की लांबतो, आणि तुमचा चौकोन पतंगासारखा होतो. आधी इस्त्री, मग आखणी, मग कात्री. चुरगळलेल्या कापडावर आखलेला चौकोन कधीच चौकोन नसतो.

बारा चौकोनांना नऊ-नऊ तुकडे म्हणजे १०८. जपमाळेच्या मण्यांइतके. त्यांतले ६० गडद आणि ४८ फिके. गडद-फिकं ठरवताना रंग बघू नका. तुकडे भिंतीशी मांडा, सहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. जे पुढे येतं ते फिकं, जे मागे जातं ते गडद. हिरव्या पानांचं पिवळं कापड गडद की फिकं, यावर आम्ही बहिणी अजून भांडतो.

नऊ घरं जोडताना

चार कोपरे आणि मधलं घर गडद, उरलेली चार घरं फिकी. म्हणून मी याला नऊघरी म्हणते. जमिनीवर नऊही तुकडे मांडून घ्या आणि मगच एकेक उचला, नाहीतर हमखास दोन एकसारखे शेजारी येतात.

वरची ओळ घ्या: गडद, फिकं, गडद. पहिले दोन तुकडे सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून टाचा. दोरा हातभर लांब, त्याहून जास्त नको. आळशाचा दोरा लांब म्हणतात, आणि त्याला गाठीही तितक्याच पडतात. दोरा एकदा मेणावरून ओढून घ्या. पाव इंचाच्या रेघेवर धावदोरा घाला, इंचाला सात-आठ टाके, आणि दर तीन-चार टाक्यांनी एक टाका उलटा. तो उलटा टाका म्हणजे कुलूप. एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तर शिवण तेवढीच उसवते, टोकापर्यंत पळत नाही. मशीन असेल तर खुशाल मशीनवर जोडा, लाजायचं कारण नाही. सुईपासून मोजून पाव इंचावर मशीनच्या पट्टीला कागदी चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या. शेवटी सगळे थर धरणारा धावदोरा मात्र हाताचाच हवा, त्याकडे पुढे येते.

शिवण झाली की उलट्या बाजूने माया एकाच अंगाला मोडायची, नखाने रेटून. कुठल्या अंगाला? कायम गडद तुकड्याकडे. यात दोन फायदे. एक, फिक्या कापडातून गडद माया दिसत नाही. दुसरा खरा. पहिल्या ओळीत गडद तुकडे बाहेर आहेत, म्हणून माया बाहेर वळते. मधल्या ओळीत गडद तुकडा मध्ये आहे, म्हणून माया आत वळते. ओळीवर ओळ ठेवली की एकीची माया डावीकडे, दुसरीची उजवीकडे, आणि दोन्ही एकमेकींना टेकून बसतात. सांध्यावर बोट फिरवून बघा. उंचवटा लागला तर दोन्ही माया एकाच अंगाला गेल्यात, आणि खाच लागली तर त्या एकमेकींपासून लांब राहिल्यात. सपाट लागलं की तिथेच टाचणी रोवा आणि शिवा. नऊघरीचे कोपरे जुळतात ते या एका गोष्टीने, देवाच्या कृपेने नाही.

तीन ओळी जोडल्या की चौकोन मोजा. बरोब्बर साडेनऊ इंच भरला पाहिजे. सव्वानऊ भरला तर हात थोडा खोल जातोय. थोडा म्हणजे किती? फक्त अर्धं सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका ओळीत दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन कापडं. चार वेळा अर्धं-अर्धं सूत गेलं की पाव इंच गेला. पहिला चौकोन चुकला तरी पुढचे अकरा तसेच चुकवा, असा सल्ला मी चक्क देते. सगळे सव्वानऊचे असतील तर ते एकमेकांना जुळतात, मग भोवतीच्या काठाच्या पट्ट्या तेवढ्या आखूड कापायच्या. काही साडेनऊ आणि काही सव्वानऊ, हे मात्र निभत नाही.

बाराही चौकोन तीन-तीनच्या चार ओळींत जोडा. आता साडेसत्तावीस बाय साडेछत्तीस इंचांचा तुकडा हातात येईल. भोवतीला सुती साडीचा काठ लावा, साडेतीन इंच रुंदीचा, आधी दोन उभ्या बाजूंना साडेछत्तीस इंचांच्या पट्ट्या आणि मग वर-खाली साडेतेहेतीस इंचांच्या. जरीचा काठ बाळाला नको, गाल खरवडतो.

नऊघरी हाताला बसली की करवतकाठ करून बघा. चार इंचांचा एक गडद आणि एक फिका चौकोन सुलटे आतल्या बाजूला ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवण घाला आणि मधल्या रेघेवर कापा. उघडलंत की दोन दुरंगी चौकोन तयार, प्रत्येकात दोन त्रिकोण. ते छाटून साडेतीनचे करा. त्रिकोण आधी कापून मग जोडायला गेलात तर तिरकी कड ताणते. असे चौकोन ओळीने लावले की विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठाचे दाते दिसतात.

साचा, माप, पट्टी यांतलं काहीच न घेता शिवणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांचं काम माझ्याहून देखणं असतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कावंदी ही त्यांची गोधडी शिवतात ती अशीच. खाली साडी पसरतात, कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकड्याच्या कडा आत मुडपून ठेवतात आणि धावदोऱ्याने थेट खालच्या थराला धरतात. जोडणं आणि शिवणं एकदमच होतं. कडेकडून आत येत येत मध्यावर संपतं, आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. दोन-तीन गोधड्या झाल्यावर ही पद्धत जरूर करून बघा. पहिल्याच वेळी मात्र नको. तुकडा मुडपताना किती आत घ्यायचा याचा अंदाज आधी हातात यावा लागतो.

थर आणि धावदोरा

खालच्या अस्तराला मऊ सुती साडीच हवी. ३८ बाय ४७ इंचांचा तुकडा लागेल. पाचवारी साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, तेव्हा ४७ ची बाजू साडीच्या लांबीत घ्या. आत भरायला जुनी साडी दुहेरी किंवा तिहेरी. ताकदीच्या परीक्षेत बाद झालेलं कापड इथे येतं, फक्त त्याचे काठ, शिवणी, बटणं, हुक काढून टाका. एक हुक आत राहिला तर तो बाळालाच सापडतो.

अस्तर उलटं पसरा, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ताठ करा. त्यावर भरण, त्यावर नऊघरीचा थर. तळहाताने मधून बाहेर, मधून बाहेर असं सारखं करा. मग मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी तिन्ही थर धरा, वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या ओळी. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे इथेच चोरी करतात. आमच्याकडे हे उन्हाळ्यात व्हायचं, ओसरीवर, पापडांची वाळवणं आत घेतल्यावर. आणि गोधडी पसरली की मांजर त्यावर येऊन बसायचंच.

धावदोऱ्याला भरतकामाचा जाड सुती दोरा घ्या, किंवा शिवणाचा दोरा दुहेरी करा. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला आणि हलकासा झटका द्या, गाठ पुट्‌कन आत शिरते आणि दिसत नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर तीन-चार टाके चढवायचे, मग ओढायची. खालचा हात अस्तराखाली ठेवा, सुईचं टोक दर टाक्याला त्या बोटाला लागलं पाहिजे. नाही लागलं तर टाका खालपर्यंत पोचलाच नाही. दोरा ओढताना कापडावर जरासा खळगा पडावा, चुणी पडू नये.

मी कडेपासून सुरू करते आणि चौकोनात चौकोन घालत मध्यावर येते. दोन फेऱ्यांत बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर. या मापाच्या गोधडीला सुमारे बावीस फेरे होतात आणि एकूण धावदोरा जवळजवळ ४७ मीटर. मला पंधरा-वीस दिवस लागतात, रोज संध्याकाळी तासभर. बाहेरून आत येण्यात एक धोका आहे. कच्चे टाके नीट नसतील तर सगळं ढिलं कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी मध्यावर फुगा येतो. चार-पाच फेऱ्यांनंतर दर वेळी गोधडी उलटून अस्तर बघा. फुगा दिसायला लागला तर तिथवर थांबा, कच्चे टाके सोडा, हाताने सारखं करा, पुन्हा धरा. शेवटच्या फेऱ्याला काही करता येत नाही. नवख्या माणसाला हे झेपत नसेल तर सरळ समांतर ओळी घाला, मधली ओळ आधी आणि मग दोन्ही बाजूंना. तिला कुणी कमी म्हणणार नाही.

कडेला वेगळी गोट लावायची गरज नाही. धावदोरा घालताना अस्तर थोडं सरकतं, म्हणून आधी ते चारही बाजूंनी दीड इंच जास्त राहील असं छाटा. मग ती कड एकदा निम्मी आत दुमडा, पुन्हा वरच्या काठावर आणा, टाचा आणि बारीक टाक्यांनी शिवा. कोपऱ्यावर आधी टोक तिरकं दुमडून घेतलं तर जाड गोळा होत नाही. सगळ्यात शेवटी कच्चे टाके काढा.

पहिलं धुणं स्वतः करा, मशीनमध्ये टाकू नका. ओली गोधडी वाटते त्याहून जड होते. दोन टोकांना धरून दोरीवर लोंबती टाकली तर स्वतःच्याच वजनाने धावदोरा ताणते, म्हणून दोन दोऱ्यांवर आडवी टाका किंवा चटईवर पसरा. वाळली की उलट बाजूने एकदा पूर्ण हात फिरवा. जिथे दोरा सैल लागेल तिथे लगेच दोन उलटे टाके घाला, आणि जो तुकडा विरल्यासारखा वाटेल त्याच्यावर त्याच जातीच्या, तितक्याच जुन्या कापडाचं ठिगळ. गाठोड्यातले उरलेले तुकडे त्यासाठीच बाजूला ठेवायचे असतात.